मार्गारेटची पेगी होते कशी?

गवती_चहा (धागाकर्ती)

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. विषय जरा चमत्कारिक आहे, सांभाळून घ्या.

मी एडिंबरात राहते हे जुन्या लोकांना माहीत आहे. गेल्या हिवाळ्यापासून दर गुरुवारी दुपारी घराजवळच्या एका वृद्धाश्रमात जाते. पगारी काम नाही. चहा द्यायचा, पेपर वाचून दाखवायचा, लोकरीचा गुंता सोडवायचा आणि मुख्य म्हणजे ऐकत बसायचं. पहिल्या दिवशी तिथल्या पोरीने हातात यादी ठेवली. एका मजल्यावर अठरा जणी, त्यात पाच मार्गारेट! मला वाटलं, छापताना काहीतरी घोळ झालाय. ती म्हणाली, "यादी विसर, दारावरच्या पाट्या बघ." पाट्यांवर पेगी, डेझी, ग्रेटा, मेझी. पाचव्या दारावर नुसतंच 'मिसेस' आणि आडनाव. त्या बाईंना लहानपणापासून सगळे मॅगी म्हणायचे, पण १९७९ नंतर त्यांनी ते नाव टाकून दिलं. का, ते नाना सांगतीलच.

आता हे गमतीचं वाटतं, पण मध्यंतरी दोन मार्गारेटांची आडनावंही 'म' वरून निघाली. एकीच्या श्रवणयंत्राचे सेल दुसरीच्या खोलीत, आणि साखर बंद असलेल्या मार्गारेटपुढे भलत्याच मार्गारेटचं कस्टर्ड. वेळेत लक्षात आलं म्हणून बरं. तेव्हापासून फळ्यावर लाडकी नावंच लिहितात.

तर प्रश्न असे. मार्गारेटची मॅगी कळते, पण पेगी कशी? 'म' कुठे, 'प' कुठे! डेझी तर फूल आहे. ते मार्गारेटचं लाडकं नाव कसं होईल? आणि त्या एका पिढीत इतक्या मार्गारेट का?

जाता जाता: पेगीआज्जींनी मार्गारेट म्हणजे मोती असं सांगितलं आणि मला माझ्या नावाचा अर्थ विचारला. म्हटलं, मंजिरी, तुळशीला येतो तो तुरा. त्यांना तुळस म्हणजे पिझ्झावरचं पान एवढंच माहीत. वृंदावन समजावता समजावता चहा गार झाला.

पेठेतला_नाना

आमच्या पिढीला मार्गारेट एकच. पर्स घेऊन मंत्रिमंडळाच्या बैठकीला जाणारी. मॅगी थॅचर, १९७९ ते १९९० ब्रिटनच्या पंतप्रधान. स्कॉटलंडात त्या बाईंचं नाव काढलं तर अजून चहाचा कप आपटतात म्हणे. तुमच्या पाचव्या मार्गारेटला माझा नमस्कार सांगा.

बाकी पाळण्यातलं नाव एक, शाळेतलं एक, सासरचं तिसरं, हे आपल्याला काय नवीन? माझ्या आत्याचं पाळण्यातलं नाव तिच्या मुलांना तिच्या तेराव्याला कळलं.

शब्दखुळा

माझ्या आवडीचा विषय निघाला, त्यामुळे लांबण लागणार. चहा टाका.

आधी अर्थ. पेगीआज्जी बरोबर सांगतात, मोती. ग्रीकमध्ये मोत्याला 'मार्गारितीस', त्याचं लॅटिनमध्ये 'मार्गारिता', जुन्या फ्रेंचमध्ये 'मार्गरीत' आणि तिथून इंग्रजीत मार्गारेट. बायबलच्या मूळ ग्रीक मजकुरात डुकरांपुढे मोती टाकू नका असं जे म्हटलंय, तिथे हाच शब्द आहे. म्हणजे त्या वाक्यातल्या डुकरांपुढे अक्षरशः मार्गारेटी पडल्यात.

गंमत म्हणजे हा शब्द ग्रीकांचा स्वतःचा नाही. मोती त्यांच्याकडे पूर्वेकडून, इराणी आखाताच्या बाजूने आला, आणि वस्तूबरोबर तिचं नावही आलं. फारसीत मोत्याला आजही 'मोर्वारीद' म्हणतात. तो आणि ग्रीक शब्द एकाच घरातले, असं बहुतेक अभ्यासक धरतात.

आता पेगी. मध्ययुगीन इंग्लंडात नावं मोजकी होती. एका गावात दहा रॉबर्ट, पंधरा विल्यम. मग नाव तोडायचं आणि तोडलेल्या तुकड्याला यमक जुळवायचं. रॉबर्टचा रॉब, रॉबचा बॉब. विल्यमचा विल, विलचा बिल. रिचर्डचा रिक, रिकचा डिक. मेरीची मॉली, मॉलीची पॉली. त्याच चालीवर मार्गारेटची मेग आणि मेगची पेग. शेपूट लावलं की पेगी. आपण नाही का चहाबिहा, पुस्तकबिस्तक म्हणत? आपल्याकडे 'बिहा' बिचारा चहाला चिकटून राहतो. त्यांच्याकडे 'बिहा' घर सोडून निघाला आणि स्वतंत्र माणूस झाला, एवढाच फरक.

घारू

रॉबबिब! आता हे डोक्यातून जाणार नाही. ऑफिसात बॉब नावाचा साहेब आहे, उद्या मीटिंगमध्ये हसू आलं तर जबाबदार शब्दखुळा.

शब्दखुळा

डेझी राहिली. फ्रेंचमध्ये 'मार्गरीत' म्हणजे मोतीही आणि पांढऱ्या पाकळ्यांचं, पिवळ्या डोळ्याचं ते रानफूलही. हिरवळीवर मोती सांडल्यासारखं दिसतं म्हणून. फ्रेंच येणाऱ्या घरांत मार्गारेट नावाच्या मुलीला त्या फुलाच्या इंग्रजी नावाने, म्हणजे डेझी, हाक मारायला लागले. पंधराव्या शतकात सहाव्या हेन्रीची राणी, आंजूची मार्गारेट, हिने हेच फूल आपली खूण म्हणून मिरवलं होतं. 'डेझी' हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या 'दिवसाचा डोळा' याचा संक्षेप आहे. संध्याकाळी पाकळ्या मिटतात, सकाळी उघडतात.

म्हणजे पेगी आणि डेझी यांच्यात एकही अक्षर सारखं नाही आणि दोघी मार्गारेट. ग्रेटा आणि ग्रेटेल जर्मन बाजूने, मेझी खास स्कॉटिश, मेगन वेल्श, रीटा ही मार्गारिताची शेपटी. हॉलिवूडची रीटा हेवर्थ मूळची मार्गारिता कान्सिनो. पोलंडात हीच बाई माल्गोझाता होते आणि घरात गोशा. तिला मार्गारेट म्हणून ओळखायला पोलिसांची मदत लागेल.

बटाटेवडा_चटणीशिवाय

शब्दखुळासाहेब, मुद्दाम गाळलंत का? मोनिअर-विल्यम्सच्या संस्कृत-इंग्रजी कोशात 'मञ्जरी' बघा. फुलांचा तुरा हा एक अर्थ आणि मोती हाही अर्थ दिलाय. मञ्जरी, मार्गारी, मार्गारेट. सरळ आहे. म्हणजे धागाकर्तीचं नाव आणि त्या पाच आज्ज्यांचं नाव एकच! पाश्चात्यांना मान्य करायचं नसतं एवढंच.

पेठेतला_नाना

झालं. आता ख्रिश्चॅनिटी म्हणजे कृष्णनीती इथवर पोचायला किती प्रतिसाद लागतात ते मोजतो.

शब्दखुळा

नाना, थांबा. बटाटेवडा अगदीच हवेत बोलत नाहीये. कोशात मोती हा अर्थ आहे, हे खरं. मार्गारितीसचं नातं मञ्जरीशी जोडून बघणारेही होऊन गेलेत. मी गाळलं ते दुसऱ्याच कारणाने.

कोशातला तो अर्थ जुन्या शब्दसंग्रहांतून उचललेला आहे. म्हणजे अमक्या काव्यात अमक्या ओळीत मञ्जरी मोत्याच्या अर्थाने आली, असं तिथे बोट ठेवता येत नाही. संस्कृतात मोत्यासाठी चालणारे शब्द मुक्ता आणि मौक्तिक. मौक्तिकाचं प्राकृतात मोत्तिअ, त्याचं आपलं मोती. ग्रीक कानांवर जो शब्द पडला तो समुद्री व्यापाऱ्यांच्या तोंडून, आणि मधल्या मुक्कामावर इराणी भाषा बसलेल्या. इराणी 'मोर्वारीद'चा धागा हातात धरता येतो, मञ्जरीचा धरायला गेलं की सुटतो. दूरची बहीण असेलही, पण पत्रिका जुळवायला कागद नाहीत.

मुक्ता मात्र अर्थाने सख्खी बहीण. आपली मुक्ताई आणि त्यांची मार्गारेट, दोघी मोतीच.

बटाटेवडा_चटणीशिवाय

कागद नाहीत म्हणजे नातं नाही, असं नाही. पण मुक्ताईवर तोडगा मान्य.

मंदाकिनी_ताई

ह्याला जोडून. त्या लोकांत एक समजूत होती, की शिंपले रात्री पाण्यावर येतात, तोंड उघडतात, आत दवाचा थेंब पडतो आणि त्याचा मोती होतो. रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात हे लिहून ठेवलंय. बाळांच्या नावांच्या साइटींवर मार्गारेटचा अर्थ 'प्रकाशाची लेक' वगैरे देतात, तोही असल्याच गोष्टींचा गोड मुलामा.

आपल्याकडे तोच थेंब स्वाती नक्षत्रात पडतो. भर्तृहरीचा श्लोक आम्हाला शाळेत होता. तापल्या लोखंडावर पडलेल्या पाण्याचं नावही उरत नाही, कमळाच्या पानावर ते मोत्यासारखं दिसतं आणि स्वातीत शिंपल्यात पडलं तर खरंच मोती होतं. आमच्या बाई हा श्लोक शिकवताना वर्गातल्या मागच्या बाकाकडे बघून 'तापलं लोखंड' म्हणायच्या.

वसईची_बाय

आमच्याकडे मार्गारेट परकं नाव नाही. वसईत मोठ्या आत्याचं नाव मार्गारेट. शाळेत सगळे मॅगी म्हणायचे तोवर ठीक होतं. पण १९८३ ला मॅगी नूडल्स बाजारात आल्या आणि तिचे पुतणे-भाचे दोन मिनिटांवरून जे सुरू झाले ते अजून थांबलेले नाहीत. तिला खूप समजावलं, की त्या मॅगीचा आणि तुझा संबंध नाही, ते ज्युलियस मॅगी नावाच्या स्विस पुरुषाचं आडनाव आहे. ती म्हणते, मग त्याने बदलावं.

पण मला सांगायचंय ते नाव कुठून आलं ते. आमच्या लोकांत मूल होताना ज्या संतांना हाक मारतात त्यांत अंत्युखियाची मार्गारेट आहे. गोष्ट अशी: ती बाप्तिस्मा घेतलेली गावातली पोर. रोमन अधिकाऱ्याने मागणी घातली, तिने नाकारली. तुरुंगात टाकली. तिथे सैतान ड्रॅगनचं रूप घेऊन आला आणि तिला आख्खी गिळली. हातात क्रूस होता. तो पोटात टोचला, ड्रॅगन फुटला आणि ही धडधाकट बाहेर आली. म्हणून बाळंतिणींची रक्षक. कशी पोटातून सुखरूप बाहेर आली बघा, तसं बाळ यावं. सण २० जुलैला.

आत्याच्या आईची बाळंतपणं अवघड गेली होती, म्हणून आत्या मार्गारेट. फादरनी पुढे सांगितलं, की १९६९ साली रोमने सगळ्या जगाच्या पंचांगातून हा सण काढला, कारण ही गोष्ट इतिहासात कुठे सापडत नाही. आत्या म्हणाली, माझ्या आईला सापडली होती ना?

घारू

आत्याला साष्टांग नमस्कार.

इतिहासाचा_कीडा

वसईच्या बायने चांगलं धरलंय. युरोपात हे नाव पसरलं ते याच गोष्टीमुळे. जोन ऑफ आर्कला ज्यांचे आवाज ऐकू यायचे त्यांतही ही होती. पूर्वेकडच्या ख्रिस्ती पंथांत हिलाच मरीना म्हणतात.

पण स्कॉटलंडात मार्गारेटी का, हा वेगळा प्रश्न आहे. तिथे एक खरीखुरी मार्गारेट होऊन गेली. इंग्लंडच्या राजघराण्यातली, पण वडील परागंदा, त्यामुळे जन्म हंगेरीत, १०४५ च्या सुमारास. घराणं इंग्लंडला परतलं, आणि १०६६ मध्ये नॉर्मन विल्यमने इंग्लंड घेतल्यावर पुन्हा पळालं, या वेळी उत्तरेला. स्कॉटलंडचा राजा तिसरा माल्कम याने तिच्याशी लग्न केलं. तो रांगडा, ही पुस्तकं वाचणारी. सेंट अँड्र्यूजला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी तिने फोर्थ खाडीवर तर, म्हणजे नावेची फेरी, सुरू केली. आजही त्या काठांवरच्या गावांना साउथ आणि नॉर्थ क्वीन्सफेरी म्हणतात, राणीची तर. ती फेरी या ना त्या रूपात १९६४ मध्ये मोटारींचा पूल होईपर्यंत चालली. पंढरीच्या वाटेवर चंद्रभागेला होड्या ठेवणाऱ्या बाईचं नाव नऊशे वर्षं गावाला राहावं, तसं.

नोव्हेंबर १०९३ मध्ये नवरा आणि थोरला मुलगा लढाईत पडले. बातमी आली आणि काही दिवसांतच ती गेली. १२५० मध्ये पोपने तिला संत ठरवलं. मग प्रत्येक घरात एक मार्गारेट.

सगळ्यांच्या नशिबी संतपद नव्हतं. तिच्याच वंशात एक सात वर्षांची मार्गारेट होती, नॉर्वेहून गादीवर बसायला निघालेली. १२९० मध्ये ऑर्कनी बेटांपर्यंत पोचली आणि तिथेच वारली. मागे तेरा दावेदार आणि इंग्लंडशी पिढ्यान्‌पिढ्यांची लढाई. त्याआधी कुणी त्या पोरीला मेग म्हणून हाक मारली असेल का, असं मला उगाच वाटत राहतं.

रसायनकाकू

अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. मार्गारेट तुमच्या फ्रिजमध्ये आहे.

१८१३ मध्ये शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने प्राण्यांच्या चरबीतून एक आम्ल वेगळं केलं. त्याला मोत्यासारखी झाक होती म्हणून नाव दिलं 'मार्गारिक' आम्ल, ग्रीक मोत्यावरून. पुढे तिसऱ्या नेपोलियनने सैन्य आणि गरिबांसाठी लोण्याला स्वस्त पर्याय शोधणाऱ्याला बक्षीस लावलं. १८६९ मध्ये मेज-मूरिएने तो बनवला आणि शेव्रलच्या शब्दावरून त्याचं नाव पडलं मार्गारीन. तेच आपलं मार्जरीन. खरं तर उच्चारात 'ग'च हवा, मार्गारेटसारखा. बेकरीवाल्याला सांगून बघितलं. त्याने मला लोणीच दिलं.

निमूट_वाचक

पहिलाच प्रतिसाद. मार्गारिटा पिझ्झा?

शब्दखुळा

निमूट, स्वागत! हो. इटलीची राणी मार्गेरीता. १८८९ मध्ये ती नेपल्सला आली असताना एस्पोझितो नावाच्या पिझ्झावाल्याने तिच्यासाठी टोमॅटो, मोझरेला आणि तुळशीचा पिझ्झा केला, लाल-पांढरा-हिरवा, झेंड्याचे रंग, अशी कथा सांगतात. कथेवर इतिहासकार भांडतात, नावावर नाही. इटालियनमध्ये मार्गेरीता म्हणजे पुन्हा तेच डेझीचं फूल.

धागाकर्ती, बघा. पेगीआज्जींना तुळस पिझ्झावरूनच माहीत होती ना? म्हणजे मार्गारेटवर तुळस पसरलेली त्यांनी आधीच खाल्ली होती.

मांडवीकर

गोंयांत मार्गारिदा. पोर्तुगीजमध्ये डेझीच्या फुलालाही मार्गारिदाच म्हणतात. मोत्याला मात्र पेरोला. माझ्या शेजारच्या मार्गारिदा बाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, फुलापेक्षा मोती बरा, सुकत नाही.

आणि आता एक भोंदू पकडून देतो, वसईच्या बायच्या मॅगीसारखाच. लहानपणीचा मार्गो साबण. हा मार्गारेटचा मार्गो नव्हे. कडुनिंबाला इंग्रजीत मार्गोसा म्हणायचे, तो शब्द पोर्तुगीज 'अमार्गोझा' वरून आला. अर्थ कडू. मोत्याचा साबण आमच्याकडे वेगळा, दिवाळीच्या पहाटे निघणारा.

पेठेतला_नाना

उठा उठा दिवाळी आली! कीडा, तुमच्या ऑर्कनीच्या पोरीने डोळ्यांत पाणी आणलं होतं, मांडवीकरांनी साबण लावून धुतलं.

मंदाकिनी_ताई

दोन मार्गारेट राहिल्याच. आयर्लंडमधल्या डंगॅनन गावी १८६७ मध्ये जन्मलेली मार्गारेट नोबल. जानेवारी १८९८ मध्ये कलकत्त्याला उतरली आणि मार्चमध्ये विवेकानंदांनी तिचं नाव निवेदिता ठेवलं. मोती गेला, अर्पण आलं.

दुसरी मार्गारेट कझिन्स, तीही आयरिश. १९१९ मध्ये रवींद्रनाथ मदनपल्लीला तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या कॉलेजात राहायला आले होते. त्यांनी 'जन गण मन' म्हणून दाखवलं आणि तिने स्वरलिपी लिहायला मदत केली. शाळेच्या मैदानात उन्हात उभं राहून आपण जी चाल म्हटली तिच्यामागे एक मार्गारेट पेन्सिल घेऊन बसली होती.

शब्दखुळा

आणि धागाकर्तीचा शेवटचा प्रश्न अजून लोंबकळतोय: एका पिढीत इतक्या का? इंग्लंड-वेल्सच्या सरकारी नोंदींत दर दहा वर्षांची लोकप्रिय नावं काढलेली आहेत. १९२४, १९३४ आणि १९४४ या तिन्ही वर्षी मुलींत पहिला नंबर मार्गारेटचा. १९५४ ला सुझन वर गेली.

१९३० मध्ये राजकन्या मार्गारेट जन्मली, स्कॉटलंडातच, ग्लॅमिस वाड्यात. पण नावाची लाट तिच्याआधीच उठली होती, १९२४ बघा. राजघराणं लाटेवर बसलं, लाट त्यांनी आणली नाही. खरं तर आईला मुलीचं नाव ॲन ठेवायचं होतं, आजोबा पाचवे जॉर्ज यांना ते पटेना, म्हणून मार्गारेट रोझ. म्हणजे राजवाड्यातही नाव आजोबाच ठरवतात. आपल्याकडे निदान आत्याला तरी कानात कुर्र करायला मिळतं.

घारू

धागाकर्ती कुठे गेल्या? पेटवून पळाल्या.

गवती_चहा

पळाले नाही, कामात होते. सगळे प्रतिसाद छापून गुरुवारी घेऊन गेले आणि चहाच्या वेळी तोडकंमोडकं भाषांतर करून वाचून दाखवलं. मेझी आणि डेझी सख्ख्या नावबहिणी आहेत हे त्यांना माहीत होतं. ग्रेटाला मात्र आपण त्यांच्यातल्या वाटतच नव्हतो, तिची आई जर्मन. वसईच्या आत्याचं "मग त्याने बदलावं" ऐकून पाचव्या मिसेसबाई पहिल्यांदा मोठ्याने हसल्या. नाना, तुमचा नमस्कारही पोचवला. उत्तरात जे म्हणाल्या ते इथे लिहिता येणार नाही.

शब्दखुळांच्या बॉब-बिलवर पेगीआज्जी म्हणाल्या, हे सगळं ठीक, पण मला पेगी म्हणायला लागले कारण आई मेग होती. एका घरात दोन मेग कशा चालतील? एवढं साधं.

मग त्यांनी कपाटातून एक फोटो काढला. एडिंबराच्या किल्ल्यावर, अगदी माथ्यावर, एक एवढंसं दगडी देऊळ आहे, सेंट मार्गारेट चॅपल. कीड्याने सांगितलेल्या राणीच्या आठवणीसाठी तिच्या मुलाने, पहिल्या डेव्हिडने, बाराव्या शतकात बांधलं. शहरातली सगळ्यांत जुनी वास्तू. मधे कित्येक वर्षं लोकांना ते चॅपल आहे हेच माहीत नव्हतं, दारूगोळा ठेवायचे. १८४५ मध्ये कुणाच्या तरी लक्षात आलं. आत पंचवीस माणसं दाटीवाटीने उभी राहतील, आणि वेदीजवळ कायम ताजी फुलं. मी आधी दोनदा जाऊन आले होते, फुलं पाहिली होती, पण कोण ठेवतं हा प्रश्न पडला नव्हता.

ती फुलं मार्गारेट ठेवतात. १९४२ पासून एक मंडळ आहे, त्यात स्कॉटलंडात राहणाऱ्या मार्गारेट नावाच्या बायका. आठवडे वाटून घेतात. फोटोत पेगीआज्जी, डोक्याला रुमाल, हातात पितळी फुलदाणी. पस्तीस वर्षं त्यांनी हे केलं. आता गुडघे नाहीत आणि त्या किल्ल्याच्या चढाला गोल गुळगुळीत दगड.

इतिहासाचा_कीडा

हे मला ठाऊक नव्हतं. वाचनखूण साठवली.

आणि त्या चॅपलच्या दाराबाहेर काय आहे सांगू? मॉन्स मेग. १४४९ मध्ये आजच्या बेल्जियममधल्या मॉन्स गावी ओतलेली, सहा टनांहून जड तोफ. दीडशे किलोचा दगडी गोळा फेकायची. १६८० च्या सुमारास सलामी देताना नळी फुटली, पुढे १७५४ मध्ये इंग्रजांनी लंडनला नेली, १८२९ मध्ये मोठ्या मिरवणुकीने परत आली. मेग, म्हणजे पुन्हा मार्गारेटच!

रसायनकाकू

कीडा, एक दुरुस्ती. ओतलेली नाही. लोखंडाच्या लांब पट्ट्या एकमेकींना जोडून त्यावर कड्या चढवलेल्या आहेत, पिंपासारख्या.

इतिहासाचा_कीडा

बरोबर. चूक मान्य, काकू.

मांडवीकर

आत फुलं घेऊन मार्गारेट, बाहेर गोळा घेऊन मार्गारेट. थॅचरबाईंना कुठे उभं करायचं?

पेठेतला_नाना

बाहेर.

गवती_चहा

शेवटचं लिहिते आणि बसते.

काल पेगीआज्जींना चाकाच्या खुर्चीतून किल्ल्यावर नेलं. मी, आमच्या तिथली ती यादीवाली पोर आणि तिचा मित्र. खालून दुकानातून मी फुलं घेतली होती. शेवंतीच्या जातीची, पांढरी, मधे पिवळी. पेगीआज्जींनी पुडा उघडून बघितला आणि म्हणाल्या, मार्गरीत आहेत, पण देठ लांब ठेवलेत, फुलदाणीत मान टाकतील. पर्समधून छोटी कात्री निघाली. या बाईंच्या पर्समध्ये कात्री! गेटवर तपासणारा आमच्याकडे बघून पुढे गेला होता.

वर पोचलो तर वेदीजवळ त्या आठवड्याच्या मार्गारेटने ठेवलेली फुलं होतीच. पेगीआज्जींनी खुर्चीतूनच ती नीट निरखली. पिवळी गुलाबं जरा जास्त झालीत, असं त्यांचं मत. मग आमची फुलं कुठे ठेवायची? मंडळाच्या फुलदाणीला हात लावायचा नाही, दुसरीचा आठवडा आहे, असा त्यांचा नियम. बाहेर आलो. मॉन्स मेगच्या तोंडात पर्यटकांची पोरं डोकं घालून ओरडत होती. आईबाप रांगेत उभं राहून फोटो काढत होते.

पेगीआज्जींनी पुडा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, तू घरी ने, तुझ्या त्या तुळशीपाशी ठेव. म्हटलं, इथल्या थंडीत तुळस कुठली, खिडकीत कुंडी आहे, तीही काडी झालेली. तर म्हणाल्या, मग काडीपाशी ठेव.

बटाटेवडा_चटणीशिवाय

काडी तोडू नका. मार्चमध्ये उन्हात ठेवा, खालून फुटेल. मंजिऱ्या आल्या की आधी खुडा, म्हणजे झाड दाट होतं.